दमट हवेतलं परफ्यूम
पुरुषांना कुठला वास आवडतो याचं एकच उत्तर नाही, पण व्हॅनिला, चंदन, मोगरा सहसा फसत नाहीत. मात्र ठाण्याच्या घामट हवेत व्हॅनिला दुपारपर्यंत डोक्यात जातो, तो डिसेंबरसाठी ठेवा. राम मारुती रोडवर खरेदीला गेलात तर दुकानात हुंगायला देतात त्या कागदाच्या पट्टीवर भुलू नका. लिंबू-संत्र्याचा पहिला भपकारा 15-20 मिनिटांत उडतो, खरा वास त्यानंतरचा. मनगटावर मारा, चोळू नका, तलावपाळीला चक्कर मारून पुन्हा हुंगा आणि मगच पैसे द्या. लोकलला निघताना दोनच फवारे. लेडीज डब्यातल्यांनाही नाक असतं! गजरा माळणार असाल तर परफ्यूम नकोच. रेशमी साडीवर तर थेट मारूच नका, डाग पडतो.