दूध केंद्रावरचं गर्बर ॲसिड : फॅट काढताना सांभाळायचं कसं, अंगावर उडालं तर करायचं काय

दुधातली फॅट मोजणारी मिल्कोटेस्टर मशीन आली तरी गर्बरची, म्हणजे ॲसिड घालून फॅट काढायची काचेची नळी दूध केंद्रातून गेलेली नाही. मशीन बरोबर दाखवतंय का हे ताडून पाहायचं असलं, किंवा ‘माझी फॅट कमी का लागली’ म्हणत कुणी किटली घेऊन उभं राहिलं, की ब्युटायरोमीटर, म्हणजे हीच नळी, बाहेर येतो आणि त्याच्याबरोबर सल्फ्युरिक ॲसिडची, म्हणजेच गर्बर ॲसिडची, बाटली. रोज वापरत नसल्यामुळे हात सरावलेला नसतो, म्हणून आता जास्त जपायला हवं.

ट्रॅक्टरच्या बॅटरीतलं पाणी हाताळलेला माणूस या ॲसिडला हमखास कमी लेखतो. बॅटरीत साधारण एक तृतीयांश ॲसिड आणि बाकी पाणी असतं. गर्बर ॲसिडमध्ये ९० ते ९१ टक्के ॲसिडच असतं. २७ अंश सेल्सिअसला त्याची घनता १.८०७ ते १.८१२ भरते, म्हणजे ५ लिटरचा कॅन ९ किलोंचा होतो. पाण्याच्या कॅनच्या सवयीने तो एका हाताने उचलला, तर मूठ सटकते किंवा कॅन निसटतो. एक हात मुठीला आणि एक बुडाखाली, असाच उचलायचा.

हे ॲसिड पाण्याला हपापलेलं असतं आणि पाणी मिळालं की तापतं. साखरेवर पडलं तर तिच्यातलं पाणी ओढून घेऊन तिचा काळा कोळसा करतं. कातडीवर पडलं तर तेच कातडीचं होतं, वर उष्णतेने भाजतं ते वेगळंच. पुढच्या सगळ्या सूचना ॲसिडला पाणी किती, कुठे आणि कोणत्या क्रमाने मिळतं, याच एका गोष्टीभोवती फिरतात.

विकत आणताना

तयार गर्बर ॲसिडच घ्या. ९८ टक्क्यांचं ॲसिड स्वस्त मिळालं म्हणून केंद्रावर पाणी घालून उतरवत बसू नका. हिशोब सोपा दिसतो, कारण एका लिटरला जेमतेम १५० मिली पाणी पुरतं. पण धोका त्या थोडक्या पाण्यातच आहे. एवढंसं पाणी सगळी उष्णता झेलू शकत नाही, जागच्या जागी उकळतं आणि ॲसिडसकट तोंडावर उडतं. ‘पाण्यात ॲसिड ओता, ॲसिडमध्ये पाणी नको’ हा नियम खरा आहे, पण पाणी भरपूर असेल तेव्हाच तो वाचवतो. घनता पाहायला लॅक्टोमीटरही चालत नाही, तो दुधापुरता आहे. १.८०० ते १.८५० या टप्प्याचा हायड्रोमीटर लागतो.

२०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. विक्रेत्याने खरेदीदाराची नोंद ठेवायची, पत्ता असलेलं सरकारी ओळखपत्र पाहायचं, कारण विचारायचं आणि १८ वर्षांखालच्याला ॲसिड द्यायचंच नाही. केंद्रानेही आपली वही ठेवावी: किती आलं, किती वापरलं, किती उरलं आणि किल्ली कुणाकडे. बाटलीभर ॲसिड कमी झालेलं वेळीच कळलं, तर एखाद्याचा चेहरा वाचू शकतो.

ठेवायची जागा

बाटली कधीही डोळ्यांच्या उंचीवर ठेवू नका. खाली, कुलपाच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या घमेल्यात ठेवा. घमेलं असं हवं की बाटली फुटली तर सगळं ॲसिड त्यात मावेल. जवळ पेंडीची पोती नकोत, कारण ताग ॲसिडने करपतो. याच तपासणीत लागणारं अमाइल अल्कोहोल पेट घेणारं आहे, त्याला वेगळा कप्पा द्या. कॅन धुवायची ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइट तर दुसऱ्याच खोलीत हवं. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो आणि छोट्या खोलीत तो श्वास कोंडून टाकतो.

पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ॲसिड एका दिवसापुरतंसुद्धा काढून ठेवायचं नाही. ते दिसायला पाण्यासारखं, किंचित तेलकट असतं, आणि केंद्रावर शाळकरी पोरंही दूध घालायला येतात. बाटलीवर मोठ्या मराठी अक्षरांत ‘ॲसिड – विष’ लिहा. झाकण लगेच लावत जा. उघडं राहिलं तर ॲसिड हवेतली ओल ओढून हळूहळू कमजोर होतं आणि मग तपासणीत दुधाचा साकळलेला चोथा त्यात विरघळत नाही.

ओट्याचंही पाहून घ्या. आपल्याकडे कडप्पा आणि शहाबादी सर्रास वापरतात आणि दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. ॲसिडचा थेंब पडून त्याला पाणी लागलं की ते फसफसतात आणि झिजतात. तपासणीच्या जागी सिरॅमिक टाइल किंवा जाड प्लॅस्टिकचा ट्रे असावा.

बाटली उघडण्याआधी

आधी पाणी बघा. भारनियमनात मोटर बंद असते, म्हणून मोटरच्या नळावर विसंबू नका. वरच्या टाकीचा नळ आणि त्याला लांब पाइप, किंवा स्टँडवर तोटी लावलेला २०० लिटरचा ड्रम हवा. मिनिटाला १० लिटरने २० मिनिटं धुवायचं म्हटलं की २०० लिटर लागतातच. ड्रम सावलीत ठेवा, उन्हात तापलेलं पाणी भाजल्या अंगावर कामाचं नाही.

मग अंगावर काय आहे ते बघा. डोळ्यांना चारी बाजूंनी बंद असणारा गॉगल हवा, नंबरचा चष्मा पुरत नाही. हातात निओप्रीन किंवा जाड पीव्हीसीचे, मनगटाच्या वर जाणारे हातमोजे घाला. दवाखान्यातले पातळ मोजे या ॲसिडपुढे टिकत नाहीत आणि आपण सुरक्षित आहोत असा खोटा भरवसा देतात, म्हणून ते नसलेलेच बरे. पुढे रबरी एप्रन आणि पायात गमबूट, पँट गमबुटाच्या बाहेर. आत खोचली तर ओघळ थेट बुटात उतरतो. पदर, ओढणी, उपरणं खोचून घ्या. चपलेवर हे काम करायचंच नाही.

नळी भरताना

ॲसिड १० मिली, दूध १०.७५ मिली, अमाइल अल्कोहोल १ मिली, याच क्रमाने. ॲसिड टिल्ट मेजरने, म्हणजे कलवलं की ठरलेलं माप देणाऱ्या साधनाने, घ्या. तोंडाने पिपेट ओढायची पद्धत अजून कुठे चालू असेल तर आजच बंद करा. एका ओढीत घसा कायमचा जातो.

क्रम नीट पाहिला तर लक्षात येईल की इथे नियम उलटा झालाय: ॲसिड आधी आणि पाण्याने भरलेलं दूध त्याच्यावर. म्हणूनच दूध कसं सोडता यावर सगळं अवलंबून आहे. नळी तिरकी धरा, पिपेटचं टोक मानेच्या आतल्या भिंतीला टेकवा आणि दूध भिंतीवरून हळू उतरू द्या. बरोबर जमलं तर दुधाचा पांढरा थर ॲसिडवर तरंगतो आणि दोघांमध्ये एक बारीक तपकिरी रेघ दिसते. धार मध्ये पडली तर तिथल्या तिथे उकळी फुटते, काळे कण होतात आणि नळीच्या तोंडातून फवारा येतो. धारेचं कोमट दूधही असंच उसळतं. ते २७ अंशांच्या आसपास येऊ द्या.

नळीची मान कोरडी राहिली पाहिजे. ओल्या मानेत बूच बसल्यासारखं वाटतं आणि हलवताना सटकतं. फुगलेलं, भेगाळलेलं बूच फेकून द्या. दुधात सोडा मिसळलेला असेल तर ॲसिड लागताच वायू सुटून बुचावर आतून दाब येतो. थर लावतानाच बुडबुडे दिसले तर बूच लावू नका, फेस बसू द्या.

हलवायच्या आधी नळी जाड टॉवेलमध्ये गुंडाळा. अंगठा बुचावर दाबलेला आणि तोंड भिंतीकडे, स्वतःकडे नाही की रांगेतल्या माणसांकडे नाही. आतलं तापमान ७०-८० अंशांवर जातं. चोथा पूर्ण विरघळेपर्यंत हलवा आणि मग नळी दोन-चारदा उलटीसुलटी करा, नाहीतर बारीक दांडीत अडकलेलं ॲसिड मिसळत नाही. फॉर्मॅलिन घातलेला नमुना विरघळायला वेळ घेतो, त्याला जोराने झटके देऊ नका.

नंतर ६५ अंशांच्या पाण्यात ५ मिनिटं ठेवून सेंट्रीफ्यूजमध्ये, म्हणजे नळ्या गरगर फिरवणाऱ्या मशीनमध्ये, घाला. नळ्या समोरासमोर आणि बुचं बाहेरच्या बाजूला. नळ्यांची संख्या विषम असेल तर समोर पाणी भरलेली नळी लावा, नाहीतर मशीन थरथरतं आणि नळी फुटते. झाकण लावून मिनिटाला सुमारे ११०० फेऱ्यांनी ४ मिनिटं फिरवा. आपोआप थांबेपर्यंत झाकणाला हात नाही. पुन्हा ६५ अंशांच्या पाण्यात धरून मग फॅट वाचा.

अंगावर उडालं तर

लगेच पाणी, त्याच क्षणी. आधी पुसू, आधी सोडा शोधू, आधी फोन करू, असलं काही नाही. पाणी भरपूर आणि वाहतं हवं. ओल्या फडक्याने पुसलं तर थोड्या पाण्याने ॲसिड आणखी तापतं आणि पसरतं. किमान २० मिनिटं घड्याळ लावून धुवा. दुखायचं थांबलं तरी पाणी थांबवू नका, खोल जखम कधी कधी दुखतच नाही.

पाण्याखालीच कपडे काढा. शर्ट डोक्यावरून ओढू नका, चेहऱ्यावरून जाईल. कात्रीने कापा. अंगठी, बांगड्या, घड्याळ, मनगटाचा काळा धागा, कमरेचा करगोटा हे सगळं काढा, त्यांच्याखाली ॲसिड अडकून राहतं. लाज धरायची ही वेळ नाही. बाईमाणूस असेल तर दुसरी बाई चादर धरून उभी राहील, पण कपडे उतरलेच पाहिजेत. मदत करणाऱ्याने स्वतः हातमोजे घालावेत.

कातडीवर चुना, सोडा, हळद, तूप, टूथपेस्ट, शाई काहीही लावायचं नाही. सोडा ॲसिड मारतो हे खरं, पण मारताना पुन्हा उष्णता होते आणि ती कातडीतच होते. तूप किंवा पेस्ट जखम झाकते, ॲसिड काढत नाही, आणि डॉक्टरला ती खरवडावी लागते. धुऊन झाल्यावर स्वच्छ, न चिकटणारं कापड सैल झाका.

डोळ्यात गेलं तर माणूस डोळा गच्च मिटतो आणि ॲसिड आतच कोंडलं जातं. दुसऱ्याने बोटांनी पापण्या उघड्या धरायच्या. जखमी डोळा खालच्या बाजूला येईल असं डोकं कलवा आणि नाकाकडून कानाकडे हलकी धार सोडा, म्हणजे वाहतं पाणी चांगल्या डोळ्यात जाणार नाही. २० ते ३० मिनिटं धुवा आणि बाटलीतल्या पाण्याने वाटेतही चालू ठेवा. लेन्स असेल आणि सहज निघत असेल तर काढा.

पोटात गेलं तर उलटी करवू नका. वर येताना ते घसा दुसऱ्यांदा जाळतं. तोंड खळखळून चुळा भरा, पण मीठपाणी, लिंबू, सोडा, तेल काही पाजू नका. बसवूनच न्या. धूर छातीत गेला असेल तर मोकळ्या हवेत बसतं करा.

एकाने धुवायचं आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. ‘ॲसिड’ एवढंच सांगू नका, ‘सल्फ्युरिक ॲसिड, ९० टक्के’ असं सांगा आणि लेबलचा फोटो बरोबर द्या. डोळा, चेहरा, हात किंवा सांधा असेल तर डाग छोटा दिसला तरी दवाखाना टाळू नका.

जमिनीवर सांडलं तर

इथे क्रम उलटा. अंगावर पाणी आधी, जमिनीवर पाणी शेवटी. सांडलेल्या थारोळ्यावर बादली ओतली तर ते उडतं आणि पसरतं. माणसं बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडा, कडेने कोरडी वाळू किंवा माती टाकत मध्ये या. भुसा, गोणपाट, वर्तमानपत्र वापरू नका, ते करपून धूर करतात. वाळूने शोषल्यावर धुण्याचा सोडा थोडा थोडा भुरभुरा. फसफस थांबली की प्लॅस्टिकच्या सुपलीने प्लॅस्टिकच्या बादलीत भरा आणि मगच फरशी भरपूर पाण्याने धुवा. लोखंडी किंवा जस्ती बादली नको, पातळ झालेलं ॲसिड धातूवर पेट घेणारा हायड्रोजन सोडतं.

वापरलेल्या नळ्यांचं पाणी

‘वापरलेलं ॲसिड’ म्हणून ते गटारात ओततात, ती मोठी चूक आहे. दुधात मिसळल्यावरही ते जवळपास ५४ टक्के राहतं, बॅटरीतल्यापेक्षा कडक. नळ्या गरम असतानाच, फॅट गोठण्याआधी, प्लॅस्टिकच्या झाकणाच्या बादलीत रिकाम्या करा आणि त्या वेळीही गॉगल डोळ्यांवरच हवा. १०० तपासण्यांमध्ये सुमारे १.६ किलो शुद्ध ॲसिड असतं. ते मारायला साधारण सव्वा किलो विरवलेला चुना लागतो. मोठ्या टबात आधी ४०-५० लिटर पाणी घ्या, त्यात हे ॲसिड हळूहळू सोडा, मग चुन्याची निवळी नव्हे तर दाट कालवण ढवळत घाला. पीएच कागदावर (आंबटपणा रंगाने दाखवणाऱ्या पट्टीवर) ६ ते ९ च्या मध्ये रंग आला की थांबा. तळाशी पांढरा गाळ बसतो. वरचं पाणी शोषखड्ड्यात सोडता येतं, पण विहिरीजवळ किंवा ओढ्यात नको. गाळ वाळवून वेगळा ठेवा, जनावरं चाटतील अशा जागी टाकू नका.