रॅक सर्व्हर सारखा बंद पडतोय? या चुका टाळा

पतसंस्थेचं कोअर बँकिंग, रुग्णालयाचं बिलिंग, कारखान्यातली टॅली आणि सामायिक फाइली, हे सगळं आता एका टू-यू (दोन युनिट उंचीच्या) सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच यंत्रात वेगवेगळे आभासी संगणक, करून चालतं. म्हणूनच तो थांबला की सगळा कारभार अडतो. लगेच कंपनीच्या इंजिनिअरला फोन जातो, पण दोष बहुतेक वेळा सर्व्हरच्या आजूबाजूलाच असतो.

पहिली चूक रॅकची, म्हणजे सर्व्हर बसवायच्या कपाटाची. नेटवर्क स्विचसाठी घेतलेला, काचेच्या दाराचा ६०० मिमी खोलीचा रॅक सर्व्हरला चालत नाही. सर्व्हर पुढून गार हवा ओढतो आणि मागून गरम हवा फेकतो. पुढे काच म्हणजे त्याचा श्वासच कोंडला. दोन्ही दारं जाळीची हवीत, आणि रिकाम्या जागांवर ब्लँकिंग पॅनल (जागा झाकणाऱ्या पट्ट्या), नाहीतर मागची गरम हवा फिरून पुढे येते.

दुपारी पंखे घोंगावू लागले किंवा सर्व्हर आपोआप बंद झाला, तर आयड्रॅक (डेल) किंवा आयएलओ (एचपी), म्हणजे सर्व्हरवर दुरून नजर ठेवायची सोय, उघडून आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. १८ ते २७ अंश सेल्सिअस ठीक. ते रविवारीच चढत असेल, तर एसी तपासा. वीज जाऊन आली की यूपीएसमुळे सर्व्हर चालू राहतो, पण ऑटो रीस्टार्ट नसलेला एसी बंदच राहतो. सोमवारपर्यंत खोलीची भट्टी होते. एसी बरोबर रॅकच्या डोक्यावर तर मुळीच लावू नका, पाणी गळतं.

दोन पॉवर सप्लायचे पैसे मोजायचे आणि दोन्ही वायरी एकाच यूपीएसला लावायच्या, हे फार दिसतं. यूपीएस गेला की दोन्ही गेले. वायरी वेगवेगळ्या यूपीएसवर घ्या, आणि एकट्या यूपीएसला पूर्ण भार पेलतो ना तेही बघा. ३ केव्हीएचा यूपीएस ०.८ पॉवर फॅक्टरला २४०० वॉटच देतो.

सगळ्यात महाग पडते ती डिस्कवरच्या पिवळ्या दिव्याकडे केलेली डोळेझाक. रेड-५ मध्ये (डेटा अनेक डिस्कवर विभागून ठेवायची पद्धत) एक डिस्क गेली तरी काम चालतं, म्हणून कुणाला पत्ताच लागत नाही; दुसरी गेली की डेटा गेला. ईमेल अलर्ट आजच सुरू करा. रेड म्हणजे बॅकअप नव्हे: चुकून डिलीट झालेली फाइल किंवा रॅन्समवेअर यांपुढे ते निरुपयोगी. डिस्क बदलताना स्लॉट नंबर दोनदा तपासा, आणि त्याआधी ताजा बॅकअप दुसऱ्या मशीनवर रीस्टोअर होतो का ते करून बघा. रीबिल्डचा, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभा करण्याचा, ताण उरलेल्या डिस्कवर येतो आणि तेवढ्यात दुसरीही जाऊ शकते.