सर्व्हरचं लायसन्स घेताय? भाव नंतर विचारा

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन "विंडोज सर्व्हर कितीला?" एवढंच विचारलंत की घोळ तिथूनच सुरू होतो, कारण भाव ठरतो तो मशीनच्या प्रोसेसरमध्ये किती कोअर (म्हणजे काम करणारे भाग) आहेत आणि ते कोण कोण वापरणार यावर, आणि समोरचा हे काही न विचारता एक आकडा फेकून मोकळा होतो.

आधी कोअर मोजा. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, सीपीयू. तिथे सॉकेट्स (म्हणजे प्रोसेसर किती) आणि कोअर्स असे दोन आकडे दिसतील ते लिहून घ्या, लॉजिकल प्रोसेसरचा मोठा आकडा सोडून द्या. व्हीएमच्या, म्हणजे मशीनच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेल्या वेगळ्या कॉम्प्युटरच्या, आत बघू नका, मूळ मशीनवर बघा. विंडोज सर्व्हर २०१६ पासून एका प्रोसेसरला कमीत कमी ८ आणि एका सर्व्हरला कमीत कमी १६ कोअरचे पैसे लागतातच, मशीन ६ कोअरचं असलं तरी १६. स्टँडर्ड एडिशनमध्ये दोन व्हीएम चालतात, तिसरी हवी असेल तर सगळ्या कोअरचे पैसे परत एकदा भरा! त्यामुळे सेकंडहँड मोठं मशीन स्वस्तात मिळतंय म्हणून उड्या मारू नका, लायसन्स मशीनच्या वर जातं.

आता कॅल, म्हणजे वापरणाऱ्याचं वेगळं लायसन्स. खरी डोकेदुखी इथे आहे. वेबसाइट सगळ्या जगाला उघडी असेल, गिऱ्हाईक येऊन ऑर्डर टाकतंय, तर त्या वेब वापराला विंडोजचा कॅल लागत नाही. पण त्याच सर्व्हरवर फक्त स्टाफसाठी हजेरीचं पोर्टल टाकलंत किंवा फाइल शेअरिंग चालू केलंत की कॅल आले. भिवंडीच्या गोडाऊनमध्ये दोन शिफ्टची माणसं एकाच कॉम्प्युटरवर बसत असतील तर डिव्हाइस कॅल घ्या, आणि एकेक माणूस लॅपटॉप, मोबाइल, ऑफिसचा पीसी असं सगळीकडून घुसत असेल तर यूजर कॅल. २०१९ चे कॅल २०२२ च्या सर्व्हरला चालत नाहीत, उलटं मात्र चालतं.

एसक्यूएल सर्व्हर, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं डेटाबेसचं सॉफ्टवेअर, त्याचा हिशोब पुन्हा वेगळा. "वेबसाइट एकाच लॉगिनने डेटाबेसला जोडलीय, मग एकच कॅल पुरे" हे ऐकायला बरं वाटतं पण चालत नाही, मागे जितकी माणसं तितके कॅल. बाहेरचे गिऱ्हाईक मोजणार कसे, म्हणून पब्लिक साइटला कोअरवर मोजलेलं लायसन्सच घ्यावं लागतं, तेही एका प्रोसेसरला कमीत कमी ४ कोअर. छोटा धंदा असेल तर एक्स्प्रेस एडिशन फुकट आहे, २०२२ पर्यंतच्या आवृत्तीत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, माझ्या मते बऱ्याच ऑफिसांना तेवढं पुरतं. डेव्हलपर एडिशनही फुकट आहे पण ते टेस्टिंगपुरतं, लाइव्ह साइटला नाही. नवीनच साइट बनवताय तर लिनक्स आणि पोस्टग्रेस (फुकटची ऑपरेटिंग सिस्टम आणि डेटाबेस) बघा, यातलं काहीच मोजावं लागणार नाही.

आणि टॅली! सर्व्हरवर टाकून सगळे रिमोट डेस्कटॉपने वापरतात ना, त्याला साध्या कॅलशिवाय आरडीएस (रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस) कॅल वेगळा लागतो. १२० दिवस सगळं मस्त चालतं, मग एका सकाळी कोणालाच लॉगिन होत नाही आणि नेमकी जीएसटीची तारीख असते.

एवढं कागदावर आलं की व्हेंडरला मेल टाका, फोनवर नको. कोअर, कॅल, एसक्यूएल, आरडीएस, प्रत्येकाची ओळ वेगळी मागा आणि बिलावरही तशीच घ्या, "सर्व्हर सॉफ्टवेअर, नग १" असं बिल आलं तर परत पाठवा.