चालती गाडी बंद पडली आणि चालूच होईना: करंट बघायचा की पेट्रोल?

जुन्या गाडीचं इंजिन चालता चालता बंद पडलं की आपला हात आपोआप चावीकडं जातो. सेल मारायचा, परत मारायचा, आणखी एकदा मारायचा. पाच-दहा मिनिटांत बॅटरी बसते आणि मूळ बिघाड बारीक असला तरी आता दोन बिघाड होतात. म्हणून पहिली पायरी ही की चावीवरचा हात काढा आणि गाडी बंद कशी पडली ते आठवा.

माझ्याकडं १९९७ सालची, कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा जुना भाग) मारुती ८०० आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या माझ्या मेस्त्रींना फोन केला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "फाटकन गेली की आचके देत गेली, तेवढं सांगा की." फाटकन, दिवा मालवल्यासारखी गेली असेल तर आधी करंटचा, म्हणजे प्लगच्या ठिणगीचा, संशय घ्यायचा. आचके देत, जोर कमी होत होत गेली असेल तर पेट्रोलचा. याला अपवाद असतात, पण कुठून सुरुवात करायची ते यावरून कळतं.

आधी गाडी रस्त्याच्या कडेला घ्या. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होऊ शकतात, तेव्हा ब्रेक जोर लावून दाबा, आणि गाडी थांबेपर्यंत चावी काढू नका, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. चारी इंडिकेटर लावा, लाल त्रिकोण बराच मागं ठेवा. वंटमुरी किंवा तवंदी घाटात तर वळणाच्या अलीकडं ठेवा, वरून येणाऱ्या ट्रकला आधी दिसला पाहिजे. त्रिकोण नसला की आपल्याकडं दगड आणि झाडाची फांदी मांडतात. निघताना ते दगड उचलून टाका. रात्री मोटारसायकलवाल्याच्या जिवावर बेततं. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर मदतीसाठी १०३३ आणि जीवाला धोका असेल तर ११२ हे नंबर आहेत.

आता बॅटरी. हेडलाइट लावून एकदाच सेल मारा. नुसती कटकट होते आणि दिवे मंदावतात, म्हणजे बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. टर्मिनल हातानं फिरवून बघा. फिरलं, तर दोष तिथंच असू शकतो. पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर खरवडून, घट्ट करून परत बघा. व्होल्टमीटर असेल तर चांगली बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ दाखवते, १२ च्या खाली गेली म्हणजे रिकामी. आणि चालत्या गाडीत बॅटरी उतरली असेल तर दोष बहुतेक बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा. दुसऱ्याच्या बॅटरीवर चालू केलीत तरी थोड्या अंतरावर परत थांबणार.

इंजिन जोरात फिरतंय पण पकडत नाही, असं असेल तर बॅटरी सोडा आणि करंटकडं वळा. एका जुलैत जांबोटीच्या पुढं, कणकुंबीकडं जाताना धो धो पावसात माझी गाडी फाटकन गेली. पाऊस जरा ओसरल्यावर बॉनेट उघडलं, चावी बंद केली, डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगना पाळीपाळीनं करंट वाटणाऱ्या भागाचं, टोपण काढलं. वायरी उपसल्या नाहीत, कारण त्यांचा क्रम चुकला की गाडी चालू होतच नाही. टोपणाच्या आतल्या बाजूला सकाळचं दव धरावं तसं पाणी होतं. गाडीत आईच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा असतो, त्यानं टोपण, आतले पितळी ठिपके आणि आत फिरणारा रोटर कोरडा केला. टोपण खाचेत नीट बसवलं. दुसऱ्या सेलला गाडी चालू झाली.

टोपण कोरडं असेल तर ठिणगी बघा. एका प्लगची वायर काढून तिला जवळचा जादाचा प्लग लावा, प्लगचं लोखंडी अंग इंजिनच्या धातूला टेकवून ठेवा आणि दुसऱ्याला सेल मारायला सांगा. निळी, कडकडणारी ठिणगी आली तर करंट ठीक. पिवळट, मरतुकडी आली किंवा आलीच नाही, तर दोष ठिणगी तयार करणाऱ्या भागांत: कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, त्यांच्या वायरी. हजारो व्होल्टचा मामला आहे, प्लग हातात धरू नका. पेट्रोलचा वास येत असेल तर हा प्रयोग करूच नका.

पेट्रोलच्या बाबतीत, हुक्केरी-संकेश्वरच्या वाटेवर थांबणारा माणूस पहिल्यांदा विचारतो, "पेट्रोल ऐतेन्री?" (कानडीत, पेट्रोल आहे का हो?) त्याचं विचारणं रास्त असतं. जुन्या गाडीचा काटा पाव टाकी दाखवतो आणि टाकी कोरडी असते. पेट्रोल असेल तर एअर फिल्टरचं झाकण काढा, कार्बोरेटरच्या तोंडात बघा आणि थ्रॉटलचा दांडा (अ‍ॅक्सिलरेटर दाबला की हलतो तो) हातानं ओढा. पेट्रोलची बारीक धार उडाली पाहिजे. उडाली नाही, तर पंप, तुंबलेला फिल्टर किंवा फुटलेली नळी. टाकीचं झाकण उघडताना सूं करून हवा आत ओढली गेली, तर झाकणाचं भोक बुजलंय. एप्रिल-मेमध्ये घाट चढून तापलेल्या गाडीच्या नळीत पेट्रोलची वाफ होते. बॉनेट उघडून अर्धा तास थांबा, पंपावर ओलं फडकं ठेवा. उलट पेट्रोलचा भपकारा येत असेल तर प्लग भिजलेत. दहा मिनिटं थांबा, मग अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल मारा.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये उसापासूनचंही इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या मऊ करतं. पंधरा-वीस वर्षांच्या नळ्या बदलून घ्याच.

इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटर नसलेल्या नव्या गाडीत हे वायरी काढणं टाळा. तिथं चावी फिरवून, सेल न मारता कान द्या. मागून दोनेक सेकंद पंपाची गुणगुण आली पाहिजे. नाही आली तर पंपाचा फ्यूज आणि रिले बघा. सेल मारताना आरपीएमचा काटा जरासुद्धा हलत नसेल, आणि गाडी थंड झाल्यावर आपोआप चालू होत असेल, तर इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणाऱ्या क्रँक सेन्सरचा संशय.

एका खुणेला मात्र तिथंच थांबायचं. सेल मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलकं, एकसारखं भिरभिरत फिरलं, तर टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा) तुटला असेल. बऱ्याच इंजिनांत यानंतर व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतात. ना सेल, ना धक्का. गाडी टोचन करूनच न्या.

मेस्त्रींना फोन कराल तेव्हा नुसतं "बंद पडली" म्हणू नका. कशी गेली, सेल फिरतो का, ठिणगी आहे का, पेट्रोल उडतं का, हे चार सांगा. ते पिशवीत नेमकं तेवढंच सामान घेऊन येतील.