समोसा बंद केला, मुलं गेटबाहेर कचोरीला: शाळेच्या कॅन्टीनमध्ये या चुका टाळा

मुलगी सहावीत गेली त्या वर्षी शाळेच्या कॅन्टीन समितीत माझं नाव घातलं गेलं. का, तर पालकसभेत मी तक्रार केली होती. इंदूरमध्ये खाण्याबद्दल तोंड उघडलं की काम गळ्यात पडतंच. पहिल्याच बैठकीत आम्ही सहाजणींनी अर्ध्या तासात ठरवून टाकलं: सोमवारपासून समोसा बंद, मैद्याचं सगळं बंद, त्याऐवजी मोड आलेले मूग आणि फळं. घरी येऊन सासूबाईंना तोऱ्यात सांगितलं. त्या म्हणाल्या, "मूग ठीक आहेत गं, पण देणार कसे? नुसतेच?"

हा प्रश्न आम्हाला पडलाच नव्हता. पुढचं दीड वर्ष त्यातच गेलं. आमच्या हातून काय काय चुकलं ते सांगते. तुमच्या शाळेत अशी समिती होत असेल तर निदान या चुका तरी पुन्हा नकोत.

पर्याय तयार नसताना बंदी

नियम आमच्या बाजूने होता. एफएसएसएआय या केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या कॅन्टीनमध्ये आणि शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. पण नियमाने पोट भरत नाही. आमची मुलं सकाळी पावणेसातला बस पकडतात, ती एक कप दूध पिऊन. मधली सुट्टी होते साडेदहाला. तोपर्यंत भुकेने जीव कासावीस झालेला असतो. समोर ट्रेमध्ये पाणी सुटलेले उकडलेले मूग. मग काय होणार? आठवीतल्या एका मुलाने दप्तरातून चिप्सची पाकिटं आणून वर्गात धंदा सुरू केला, दहाचं पाकीट पंधराला. शाळा सुटल्यावर गेटपासून जेमतेम ५० मीटर सोडून उभ्या असलेल्या कचोरीच्या गाडीवर तीच झुंबड.

आधी पर्याय आणा, तो दोन आठवडे समोशाच्या शेजारी विका, किती खपतो ते बघा, आणि मग समोसा काढा. आधी रोजचा आठवड्यातून दोनदा करा, मग एकदा. आम्ही हे उलट्या क्रमाने शिकलो.

बेचव म्हणजे पौष्टिक, हा गैरसमज

सगळ्यात मोठी चूक हीच. ज्या गावात मुलाला पाचव्या वर्षी जिरावण (पोह्यांवर भुरभुरतात तो इंदुरी मसाला) कमी पडलंय हे जिभेवर कळतं, तिथे त्याला मिठाच्या पाण्यात उकडलेलं कडधान्य वाढायचं आणि वर म्हणायचं, "आजकालच्या मुलांना चांगलं खायला नकोच." नको कसं असेल? चांगलं लागत नाही म्हणून नको.

आमच्या कॅन्टीनची गाडी पोह्यांनी रुळावर आणली. इंदुरी पोहे तसेही वाफेवर गरम ठेवतात, त्यामुळे तेल बेताचंच लागतं. कॅन्टीनवाल्या भैयांनी त्यात मटार आणि शेंगदाणे वाढवले, वरून कांदा, कोथिंबीर, लिंबू, डाळिंबाचे दाणे. आठवड्यातून दोन दिवस मोड आलेल्या मटकीची पातळ उसळ. उसळ-पोहे मुलांच्या ओळखीचे, समजावून सांगायची गरजच नाही. शेव मात्र मोठा डबा पुढे ठेवून हवी तेवढी घ्या, असं न करता भैया स्वतः एक छोटा चमचा घालतात. जिरावणातही मीठ आणि काळं मीठ असतं, म्हणून पोह्यात मीठ जरा हात राखून. मूग तेच होते, पण आता कच्चा कांदा, लिंबू, चाट मसाला घालून भेळेसारखे द्रोणात येतात आणि संपतात. पावसाळ्यात भुट्ट्याचा, म्हणजे मक्याच्या कणसाचा, कीस करतो. पहिल्या दिवशी भैयांनी केला तो अकरा वाजायच्या आत संपला आणि शिक्षकांना मिळालाच नाही, यावरून स्टाफरूममध्ये थोडी नाराजीही झाली.

"पौष्टिक गुरुवार"

फळ्यावर सुंदर अक्षरात हे नाव लिहिलं होतं. मुलांनी दोन दिवसांत त्याचं "हॉस्पिटल डे" केलं. पदार्थाला त्याचं नाव असू द्या. उसळ-पोहे म्हणा, थालीपीठ म्हणा. पौष्टिक आहे हे मोठ्यांना माहीत असलं म्हणजे पुरे.

अख्खं फळ

पेरू ठेवले, कोणी घेईना. आम्हाला वाटलं पेरू आवडत नाही. मग एक दिवस खिडकीपाशी उभी राहून बघितलं. तिसरीतल्या एका मुलीने पेरू उचलला, दोन्ही हातांत फिरवला, दात लावून बघितला. समोरचा एक दात पडलेला. पेरू परत टोपलीत. तो पेरू तिला नको नव्हता, तिला तो चावता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी भैयांनी चार फोडी करून, वर चिमूटभर जिरावण टाकून कागदी द्रोणात दिला आणि टोपली रिकामी झाली. फोडी सुट्टीच्या दहा मिनिटं आधीच कापा, झाकून ठेवा. सकाळी कापलेलं सफरचंद साडेदहापर्यंत काळं पडतं आणि काळ्या फोडीला कोणीही हात लावत नाही.

फळाचा रस म्हणजे फळ नव्हे

कोल्ड्रिंक बंद करून पाकिटातलं "आंब्याचं पेय" ठेवलं की आपण सुधारलो असं वाटतं. पाकिटामागचा तक्ता वाचा. १०० मिलीमागे साखर १३ ग्रॅम लिहिली असेल, तर २०० मिलीच्या पाकिटात २६ ग्रॅम झाली. चार ग्रॅमचा एक चमचा धरला तर साडेसहा चमचे. सीबीएसईने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे "शुगर बोर्ड" लावायला सांगितलं. ते बोर्ड छापून आणण्याऐवजी सातवीच्या मुलांकडून करून घ्या. आमच्याकडे मुलांनी प्रत्येक पाकिटाखाली साखरेच्या खऱ्या पुड्या चिकटवल्या. मुंग्या आल्या, पण बोर्ड सगळ्यांनी बघितला. आता कॅन्टीनमध्ये मठ्ठा आणि उन्हाळ्यात कैरीचं पन्हं असतं. पन्ह्यातली साखर आम्ही मोजून कमी केली, नाहीतर तेही त्याच माळेचा मणी.

"भाजी खा, मग चॉकलेट"

एका बाईंनी वर्गात तारे वाटायला सुरुवात केली. ज्याने सॅलड संपवलं त्याला तारा, पाच ताऱ्यांना चॉकलेट. दोन आठवडे सॅलड भराभर संपलं. तारे थांबले त्या दिवसापासून आधीपेक्षाही कमी खपायला लागलं. यात नवल नाही. लीन बर्च या अमेरिकन संशोधिकेने १९८४ मध्येच दाखवलं होतं की, एखादं पेय "हे प्यायलास तर ते मिळेल" अशा अटीवर दिलं की लहान मुलांना ते पेय नंतर कमी आवडू लागतं. मुलाच्या लेखी हिशोब सरळ असतो: ज्यासाठी लाच द्यावी लागते ते वाईटच असणार.

त्याऐवजी गाजराचे दोन तुकडे ताटात नुसते येऊ द्या, काही न बोलता. नवा पदार्थ पसंत पडायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावा लागतो. एकदा परत आला म्हणून यादीतून काढू नका. आणि "बघ, तो कसा खातो" किंवा "तुला तर खाण्याची गरजच नाही" असलं काही वाढणाऱ्याच्या तोंडून येता कामा नये. जाड्या मुलालाही नाही, बारक्यालाही नाही. ही एक गोष्ट मी भैयांना आणि दोन शिक्षिकांनाही स्पष्ट सांगितली.

स्टिकर आणि सजावटीवर भिस्त

इंटरनेटवर सल्ले भरपूर मिळतात: सफरचंदावर कार्टूनचं स्टिकर लावा, मुलं तेच उचलतील. हा सल्ला तेव्हा अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात असलेल्या ब्रायन वॉनसिंक यांच्या ज्या अभ्यासावरून प्रसिद्ध झाला, तो २०१७ मध्ये मागे घेतला गेला. अभ्यास आठ ते अकरा वर्षांच्या मुलांवर केल्याचं छापलं होतं, मुलं प्रत्यक्षात तीन ते पाच वर्षांची निघाली. स्टिकर लावायची हौस असेल तर लावा, पण बजेट फोडी करणाऱ्या माणसावर खर्च करा.

वेळ न मोजणे

सुट्टी वीस मिनिटांची. त्यात वर्गातून उतरायला चार, रांगेत आठ-नऊ, उरलेल्या सात मिनिटांत खाणं आणि खेळणं. हातात धरून पळता येतं तेच मूल घेणार, म्हणजे समोसा. हार्वर्डच्या एका अभ्यासात, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, खायला २० मिनिटांपेक्षा कमी वेळ मिळालेल्या मुलांनी किमान २५ मिनिटं मिळालेल्यांच्या तुलनेत मुख्य पदार्थ १३ टक्के आणि भाजी १२ टक्के कमी खाल्ली. आमच्या शाळेने सुट्टी वाढवायला नकार दिला. मग आम्ही दुसरी खिडकी उघडली, सकाळी वर्गातच कूपन घ्यायची सोय केली, आणि पहिली-दुसरीला पाच मिनिटं आधी सोडायला लावलं. रांग निम्म्यावर आली.

ठेकेदाराचा हिशोब न विचारणे

याला आम्ही वर्ष लावलं, त्याची लाज वाटते. भैयांना कॅन्टीनचं भाडं द्यावं लागतं. समोसा सकाळी तळला की तीनपर्यंत विकता येतो, उरला तर दुसऱ्या गिऱ्हाइकाला जातो. पेरूची फोड मात्र तासाभरात वाया. मग ठेकेदार पेरू पुढे कशाला ठेवेल? आम्ही शाळेकडून भाडं थोडं कमी करून घेतलं, अट एकच: फळ आणि उसळ रोज, आणि समोशापेक्षा स्वस्त. दहा रुपये हातात असलेलं मूल दहा रुपयांत जे येईल ते घेतं.

खाणं पुरेसं आहे का हे कशावरून ठरवायचं, असंही भैयांनी विचारलं. त्यासाठी सरकारी शाळांच्या पीएम पोषण (मध्यान्ह भोजन) योजनेचं माप हाताशी आहे: प्राथमिकच्या मुलाला एका जेवणात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. आम्ही एवढी फी भरतो आणि आमच्या कॅन्टीनची समोसा-चटणीची प्लेट प्रथिनांत त्याच्या जवळपासही नव्हती.

आता थंडी तोंडावर आली आहे आणि मुलांनी गराडूची, म्हणजे तळून खातात त्या कंदाची, मागणी केली आहे. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, मिळतो तसा दोनदा तळलेला आम्हाला नको आहे. आधी उकडून, मग तव्यावर थोड्या तेलात खरपूस, लिंबू आणि मसाला वरून, असा बेत मी मांडला. भैयांनी कढई पुसत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, पोहा आपने जैसा बोला वैसा बनाया. पर गराडू तो गराडू है, इज्जत से तलना पड़ता है."

शनिवारी दोन्ही प्रकार करून मुलांपुढे ठेवणार आहोत.