ग्रुपवर 'छान उपक्रम' नको, वर्गातला एक नेमका प्रश्न टाका

आपल्या प्रत्येक शिक्षकाच्या फोनात केंद्राचा (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा), तालुक्याचा, विषयाचा, संघटनेचा असे ढीगभर व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, सकाळी उठलं की शंभर-दोनशे मेसेज आणि त्यात सुप्रभात नि परिपत्रकंच जास्त. मग त्यातनं शिकायचं कसं? मला विचाराल तर एकच, आपल्या वर्गात जे अडलंय ते टाकायचं, पण नेमकं.

म्हणजे कसं बघा. मी गगनबावड्याकडं तिसरीला शिकवत होतो तेव्हा एक पोरगी 52 वजा 27 चं उत्तर 35 काढायची. 'मुलांना वजाबाकी जमत नाही, उपाय सांगा' असं टाकलं तर चार अंगठे आणि दोन पीडीएफ आल्या, वाचल्या कुणी? मग तिच्या वहीचा फोटो टाकला, नाव दुमडून, आणि खाली लिहिलं की दोनातनं सात जात नाहीत म्हणून ती सातातनं दोन काढते, फळ्यावर हातचा समजावून झालाय, आता काय करू? अर्ध्या तासात शाहूवाडीच्या एका मॅडमचा व्हॉइस मेसेज आला, "सर, फळा सोडा, काड्या घ्या. दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या तिच्या हातात द्या आणि सात काड्या मागा. रबर तिलाच काढू दे हं, तुम्ही हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी तसंच केलं. तिनं दोन काड्या दिल्या, थांबली, माझ्याकडं बघितलं आणि हळूच एका गठ्ठ्याचं रबर काढलं. मला इतका आनंद झाला की मधल्या सुट्टीतच ग्रुपवर कळवलं. हे कळवणं फार महत्त्वाचं, करून बघितलं की काय झालं ते लिहायचंच, जमलं नाही तरी लिहायचं, त्याशिवाय पुढच्या वेळी कोण मनापासून उत्तर देणार?

चांगलं काही आलं की टेलिग्रामच्या सेव्हड मेसेजेसमध्ये इयत्ता आणि घटक लिहून टाकून ठेवा, तिथं सर्च मारला की सापडतं आणि फोनची मेमरीपण भरत नाही. दीक्षा हे सरकारचं अभ्यासाचं ॲप 2017 पासून आहे, बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड त्यात स्कॅन करून आधी आपण बघा, मग मुलांना दाखवा. यूट्यूबवर दुसऱ्या सरांचा पाठ बघताना आवाज बंद करून पाच मिनिटं नुसती मुलं बघा, कोण बोलतंय, कोण गप्प बसलंय. मला यातनं खूप मिळालं.

मुलांचे चेहरे मात्र टाकू नका, पालकांना विचारल्याशिवाय तर नाहीच, आणि चुकलेली वही नावासकट तर कधीच नाही. त्या पोराची चूक गावभर फिरते हो.

व्हॉट्सॲप ग्रुपात आता 1024 माणसं मावतात पण एवढ्यांसमोर 'मला हे जमत नाही' म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत भेटलेले, तुमचीच इयत्ता शिकवणारे पाच-सहाजण गोळा करा, करवीरचे, पन्हाळ्याचे, राधानगरीचे कुठलेही चालतील, आणि पहिला प्रश्न तुम्हीच टाका, वहीच्या फोटोसकट.