नागपूरहून बोटीचं टूलकिट भरताना काय घ्यायचं, काय दुकानातच सोडायचं

आपल्याकडे समुद्र नाही हे खरं, पण शीडाच्या बोटीत भागीदारी घेतलेले किंवा मित्राच्या बोटीवर मुंबई-गोवा करायला जाणारे नागपूरकर आता भेटतात, आणि त्यातले बरेच जण निघायच्या आदल्या आठवड्यात इतवारीत लोहाओळीत जाऊन १०८ पीसचा चकचकीत सेट उचलून आणतात. तो सेट कायले घ्यायचा नाही आणि त्या पैशात काय घ्यायचं ते सांगून राहिलो. २८ ते ३८ फुटांची, डिझेल इंजिनवाली, किनाऱ्याच्या आसपास चार-सहा दिवस चालणारी बोट डोळ्यासमोर धरली आहे, सातासमुद्रापार निघालेल्यांची यादी वेगळी.

दुकानाच्या आधी बोट पहा. बोट मांडव्याला नाहीतर गोव्याला उभी असते आणि आपण इकडे, म्हणून जो कोणी तिकडं जाईल त्याला व्हर्नियर कॅलिपर देऊन पाठवा आणि इंजिनवरचा प्रत्येक नट मोजून फोटोसकट लिहून आणायला सांगा. काहून का एकाच बोटीवर तीन देशांची मापं निघतात. एम८ चा, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीचा, बोल्ट यानमारसारख्या जपानी इंजिनवर असला तर त्याच्या डोक्याला १२ चा पाना लागतो, तोच एम८ युरोपियन फिटिंगवर असला की १३ चा, एम१० ला तसंच १४ आणि १६ किंवा १७. बोट जुनी असेल आणि आत जुनं ब्रिटिश पर्किन्स इंजिन बसलेलं असेल तर इंचाचे पाने लागतील, अमेरिकन बनावटीच्या बोटीतही बहुतेक इंचच. सेटमधे यातलं अर्धं नसतं आणि जे असतं त्यातलं अर्धं तुमच्या बोटीवर कुठंच लागत नाही.

स्क्रूड्रायव्हरचं अजून वेगळंच. दुकानदाराला "स्टार द्या" म्हटलं की तो फिलिप्स देतो. युरोपात बांधलेल्या बोटींवर पोझिड्राइव्ह स्क्रू असतात, दिसायला सारखेच, फक्त मुख्य चार रेघांच्या मधे अजून चार बारीक रेघा असतात. त्यात फिलिप्स घातला की तो वर सरकतो, स्क्रूचं तोंड चाटून जातं आणि मग तो स्क्रू ड्रिल करून काढावा लागतो. पीझेड२ (पोझिड्राइव्ह, नंबर २) चा एक चांगला लांब आणि एक ठेंगणा, एवढे दोन वेगळे मागून घ्या. सोबत चपट्या तोंडाचे दोन-तीन, आणि एलन की मिलिमीटर-इंच दोन्ही, त्या काही जागा खात नाहीत.

आता गंज. हा विषय नागपूरच्या माणसाला समजावून सांगावा लागतो कारण आपल्या इथं मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की पाना बाल्कनीत पडून राहिला तरी त्याला काही होत नाही, पावसाळ्यात थोडा लाल होतो, घासला की झालं. बोटीवर मीठ असतं आणि मीठ हवेतलं पाणी ओढून धरतं, म्हणजे टूल कोरडं दिसत असलं तरी ओलंच असतं. क्रोम व्हॅनेडियमच्या पान्यावर क्रोमचा थर आहे तोवर ठीक, जिथं टवका उडाला तिथून गंज आत शिरतो. स्टेनलेसची टूल्स मिळतात पण बहुतेक मऊ असतात, धार आणि पकड टिकत नाही, आणि महाग बम. त्यापेक्षा टपारियासारखा साधा चांगला माल घ्या आणि त्याची निगा ठेवा: वापरून झालं की गोड्या पाण्यानं धुवा, पुसा, इंजिन ऑइलमधे भिजवलेल्या फडक्यानं हात फिरवा. डब्ल्यूडी-४० वर विसंबू नका, ते पाणी हाकलायला चांगलं आहे पण त्याचा पातळ थर समुद्रावर फार दिवस टिकत नाही. स्वस्तात मिळणारे बिननावाचे पाने मात्र अजिबात नको, अडकलेल्या नटवर त्यांचं तोंड फाकतं आणि नट गोल होतो, मग तुम्ही आणि तो नट, बसा बघत.

इंजिनसाठी काय लागतं ते नीट सांगतो कारण किनाऱ्यावर फिरणारी बोट अडकते ती जास्त करून इंजिनपायी. समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपात रबराच्या पात्यांचा इंपेलर असतो, तोंडात प्लास्टिकची पिशवी अडकली किंवा पंप कोरडा चालला की त्याची पाती तुटतात आणि इंजिन तापतं. इंपेलर ओढून काढायचा पुलर, दोन सुटे इंपेलर, झाकणाचं गॅस्केट आणि लांब नाकाची पक्कड हे सगळं एका पिशवीत, इंजिनच्या बाजूलाच. पक्कड कशाला, तर तुटलेल्या पात्यांचे तुकडे पुढे पाइपमधे जाऊन बसतात, ते मोजून सगळेच्या सगळे बाहेर काढायचे असतात. झाकणाचे स्क्रू बारीक असतात आणि हमखास हातातून सुटून बिल्जमधे, म्हणजे बोटीच्या तळातल्या खळग्यात, जातात, तिथं चुंबकाची काठी काहीच कामाची नाही कारण ते पितळेचे नाहीतर स्टेनलेसचे असतात, चार नख्यांची स्प्रिंगवाली पिकअप काठी घ्या.

डिझेलमधे हवा शिरली की ती काढायला ब्लीड स्क्रूच्या मापाचा रिंग पाना लागतो, रिंगच घ्या, ओपन पाना पितळेच्या स्क्रूवर घसरतो. ऑइल फिल्टर सोडवायला पट्ट्याचा पाना. ऑइल खालून काढायची सोय बहुतेक बोटींवर नसते, हात पोचतच नाही, म्हणून डिपस्टिकच्या भोकातून ओढणारा हातपंप. फीलर गेज, म्हणजे बारीक फट मोजायच्या पात्यांचा संच, एक. बेल्ट ताणायला मजबूत पहार असं लोक लिहितात, लाकडी दांड्यानंही होतं.

प्रोपेलरचा शाफ्ट जिथून बोटीबाहेर जातो तिथं जुन्या पद्धतीचा स्टफिंग बॉक्स असेल तर त्याला दोन मोठे नट असतात, एक घट्ट धरून दुसरा फिरवायचा, म्हणजे पाने दोन पाहिजेत, आणि जागा इतकी अरुंद की दुकानातला जाड पाना आत जातच नाही. लोक तिथं मोठी पाइप रिंच वापरून पितळेचे कोपरे खाऊन टाकतात. इथं नागपूरचा फायदा आहे भाऊ. नटचं माप पुठ्ठ्यावर कापून आणा आणि हिंगणा एमआयडीसीत लेझर कटिंगवाल्याकडून ६ एमएम स्टेनलेसच्या पत्र्यातून दोन चपटे पाने कापून घ्या. मापात बसतात, गंजत नाहीत, आणि हे काम आपल्या इथं नेहमीचं आहे.

बोटीच्या तळातून जाणाऱ्या प्रत्येक भोकापाशी, म्हणजे सीकॉकपाशी, निमुळती लाकडी गुल्ली दोरीनं बांधून ठेवायची असते. पाइप फाटला, व्हॉल्व्ह मोडला की ती ठोकून भोक बंद. खराद्याकडून करून घेत असाल तर सागवान नको, चंद्रपूर-बल्लारशाचं कितीही नावाजलेलं असू द्या. सागवान पाण्यात फारसं फुगत नाही म्हणून तर ते दारं-खिडक्यांना चांगलं. इथं फुगणारंच लाकूड पाहिजे, मऊ पाइन घ्या. एक छोटी हातोडी त्या गुल्ल्यांच्या जवळच, दुसऱ्या टोकाच्या लॉकरात नाही.

विजेचं काम बोटीवर १२ व्होल्ट डीसीचं. मल्टिमीटर घ्या, आणि त्यातही डीसी अँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर उत्तम, पण सीताबर्डीवर नुसता क्लॅम्प मीटर मागितला तर जो स्वस्त समोर येतो तो फक्त एसी अँपिअर मोजतो, डबा वाचून घ्या. लीड अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली आणि थोडा वेळ शांत असेल तर १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२ च्या आसपास आली म्हणजे अर्धी संपली, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे, नाही दिसलं तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट पहा. एवढे तीन आकडे मीटरच्या पाठीवर चिकटवून ठेवले की कोणीही तपासू शकतो.

तारा जोडायला रॅचेटवाला क्रिम्पिंग प्लायर, कथील चढवलेली तांब्याची तार, आणि आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी. आपल्या इथले इलेक्ट्रिशियन म्हणतील सोल्डर मारा, पक्कं होईल. घरी होतं, बोटीवर नाही, सोल्डर तारेत वर चढून ती ताठ करतं आणि हादऱ्यांनी तिचा ताठपणा जिथं संपतो तिथं ती तुटते. बोटींसाठीच्या एबीवायसी या अमेरिकन मानकातही नुसत्या सोल्डरच्या भरवशावर जोड ठेवू नका असंच आहे. सोल्डरिंग आयर्न न्यायचीच असेल तर न्या, पण तिच्यासाठी क्रिम्पर सोडू नका.

आता डोलकाठी पडली तर. असं क्वचित होतं, पण झालं की मोडलेली काठी तिला धरून ठेवणाऱ्या तारांना लटकून लाटेसोबत बोटीच्या अंगावर आदळत राहते आणि भोक पाडू शकते, म्हणून तारा लवकर सोडवाव्या लागतात. सगळे बोल्ट कटर सांगतात, पण साधा छोटा बोल्ट कटर स्टेनलेसच्या १ बाय १९ (एकोणीस तारांचा एकच पीळ) तारेवर दात विचकतो, मोठा पाहिजे किंवा हायड्रॉलिक, आणि तो जड. त्याआधी पिना काढायचा प्रयत्न करा. कॉटर पिन (टोकं दुमडलेली बारीक पिन) सरळ करायला पक्कड, क्लेव्हिस पिन (तार जिच्यात अडकवलेली असते ती जाड पिन) मागून ठोकायला पंच आणि वजनदार हातोडी, बहुतेक वेळा कापण्यापेक्षा हे लवकर होतं. हॅक्सॉ ठेवाच, ब्लेड बायमेटल, इंचाला ३२ दातांची, मूठभर. हे सगळं जिन्याच्या तोंडाशी, कॉकपिटमधून हात घालून मिळेल असं. २०१८ च्या गोल्डन ग्लोब रेसमधे, म्हणजे एकट्यानं शिडाच्या बोटीतून करायच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत, तेव्हा भारतीय नौदलात असलेल्या अभिलाष टॉमींची बोट 'थुरिया' दक्षिण हिंदी महासागरात वादळात उलटली, डोलकाठी गेली आणि पाठीला इतका मार बसला की त्यांना हालता येईना, शेवटी फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. तेव्हा अशा प्रसंगी आपण धडधाकट, दोन्ही हात मोकळे आणि बोट सरळ असं धरून टूलची जागा ठरवू नका.

त्याच जागी एक धारदार दातेरी चाकू, लाल उजेडाचा हेडलॅम्प, अ‍ॅडजस्टेबल पाना आणि व्हाइस ग्रिप. रोजच्या कामात सगळ्यात जास्त हात यांनाच लागतो. वर चढून किंवा डेकच्या काठावर वापरायच्या प्रत्येक टूलला दोरीचा फास बांधा, समुद्रात गेलेला पाना परत येत नाही नं.

शिडासाठी जाड सुया, सुई ढकलायला तळहातावर घालायचं चामडं, मेण लावलेला दोरा, चिकटणारं सेलक्लॉथ. बस.

पॉवर टूलमधे १८ व्होल्टचं एक बॅटरी ड्रिल पुरे, त्याचा चार्जर बोटीच्या इन्व्हर्टरवर चालतो का हे घरीच पाहून घ्या. ग्राइंडर नेऊन राहिले असाल तर डेकवर लोखंड कापू नका, उडालेली प्रत्येक ठिणगी बोटीच्या वरच्या गुळगुळीत थरावर, म्हणजे जेलकोटवर, बसते आणि सकाळी तिथं गंजाचा तांबडा ठिपका असतो.

नटबोल्ट आणि होज क्लिप घेताना लोहाओळीत सावध राहा. "एसएस आहे साहेब, चुंबक लावून पहा" असं म्हणतील. चुंबकानं काही कळत नाही, स्टेनलेसच्या २०२ ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही, ३०४ लाही नाही, ३१६ लाही नाही, आणि आपल्या बाजारात २०२ भरपूर फिरतो, तो समुद्रावर बघता बघता तांबडा होतो. बोल्टच्या डोक्यावर ए४-७० असा शिक्का पाहून घ्या, ए४ म्हणजे ३१६, समुद्रासाठी हाच ग्रेड. क्लिपच्या पट्ट्यासोबत तिचा स्क्रूही ३१६ चा आहे का विचारा, तिथंच गंडवतात. अ‍ॅल्युमिनियमच्या काठीत स्टेनलेसचा स्क्रू घालताना मधे टेफ-जेल किंवा ड्युरॅलॅकचा लेप लावायचा, नाहीतर दोन धातू एकमेकांना असे धरतात की हातोडीनं ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लागतो, तोही किटमधे असू द्या. एम-सील, स्वतःला चिकटणारी सिलिकॉन टेप आणि जाड डक्ट टेप इथूनच न्या. सिकाफ्लेक्ससारखे सीलंट मात्र मुंबईत नाहीतर गोव्यात घ्या, ताज्या तारखेचे, ४५ डिग्रीत गाडीच्या डिकीत उकडलेली ट्यूब वेळेवर कडक निघते.

पेटी लोखंडी नको, प्लास्टिकचीही मोठी नको, बोट कलली की ती सरपटते आणि आतलं काही सापडत नाही. ताडपत्री शिवणाऱ्याकडून खिसेवाल्या कॅनव्हासच्या गुंडाळ्या शिवून घ्या: एक इंजिनची, एक विजेची, एक वरच्या कामाची. इंजिनची गुंडाळी इंजिनजवळ, बाकीच्या सुक्या लॉकरात.

राहिलं इथून न्यायचं. समृद्धीनं गाडीत टाकून नेणं सगळ्यात सोपं. रेल्वेत थर्ड एसीला ४० किलोपर्यंत सामान चालतं, वजनदार टूल्स त्यात बसतात. विमानानं जात असाल तर पाने, हातोडी, चाकू चेक-इनमधे आणि ड्रिलच्या सुट्या बॅटऱ्या उलट, त्या केबिनमधेच. १८ व्होल्ट ५ अँपिअर-अवरची बॅटरी ९० वॉट-अवर होते, १०० च्या आत, ६ वाली घेतली तर १०८ होऊन एअरलाइनची परवानगी लागते. हीट श्रिंकसाठी ब्यूटेनची गॅस टॉर्च विमानात केबिन आणि चेक-इन दोन्हीकडे चालत नाही आणि तिचे सिलिंडर रेल्वेतही नाही, ती बोटीजवळच्या दुकानातून घ्या.